स्पीडलाइटनंतरचा फ्लॅश: विकत घेण्याआधी मोजा

कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश, म्हणजे स्पीडलाइट, कमी पडायला लागली की बहुतेक जण दुकानात जाऊन ‘याच्यापेक्षा मोठा’ फ्लॅश मागतात. मोठा म्हणजे किती, हे आधी मोजावं लागतं, कारण फ्लॅशची ताकद दुप्पट झाली तरी हाती एकच स्टॉप लागतो (उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं म्हणजे एक स्टॉप). ही ताकद वॅट-सेकंदांत मोजतात. साधी स्पीडलाइट ढोबळमानाने ६० ते ८० वॅट-सेकंदांची धरली जाते. २०० वॅट-सेकंदांवर गेलात की सव्वा ते पावणेदोन स्टॉप वाढतो, ४०० वर आणखी एक. ४०० वरून ६०० ची उडी मात्र अर्ध्या स्टॉपपेक्षा थोडीच जास्त, आणि तेवढ्यासाठी पिशवीत एखादा किलो वाढतो.

मोजायचं ते सर्वांत कठीण प्रसंग धरून. आउटडोअरला तो म्हणजे भर दुपारचं ऊन. आयएसओ १०० आणि १/१०० शटरला कडक उन्हाचं एक्स्पोजर साधारण एफ/१६ येतं (हा ॲपर्चरचा आकडा; आकडा मोठा तितका आत येणारा उजेड कमी). बहुतेक कॅमेऱ्यांची सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत नेहमीप्रमाणे चालणारा सर्वांत वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५०. म्हणजे १/२०० ला एफ/११. नवरी उन्हाकडे पाठ करून उभी असेल आणि चेहरा मागच्या उन्हाच्या तोडीस आणायचा असेल, तर सॉफ्टबॉक्समधून (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीतून) आलेला फ्लॅश तिच्या चेहऱ्यावर एफ/११ देऊ शकला पाहिजे.

आता घरातल्या अंधाऱ्या खोलीत हातातली स्पीडलाइट सॉफ्टबॉक्समध्ये लावा, माणसापासून दीड मीटरवर ठेवा आणि फुल पॉवरला चालवा. आयएसओ १००, शटर १/२००. फ्लॅश बंद ठेवून आधी एक फोटो काढा. तो पूर्ण काळा यायला हवा, नाहीतर खोलीतला उजेड हिशेबात घुसतो. मग फ्लॅश चालू करून कोणत्या ॲपर्चरला चेहरा बरोबर येतो ते पाहा. समजा एफ/५.६ ला आला. एफ/११ पर्यंत दोन स्टॉप कमी, म्हणजे चौपट ताकद हवी: स्पीडलाइटचे साधारण ७५ गुणिले ४, ३०० वॅट-सेकंद. तुमचा फ्लॅश ४०० च्या गटातला. गोडॉक्सचा एडी४००प्रो याच गटात येतो. एडी२०० चे दोन नग एका ब्रॅकेटमध्ये जोडूनही तेवढीच ताकद मिळते आणि एरवी दोन वेगळे लाइट हाताशी राहतात. नवशिक्याला हा दुसरा पर्याय बहुधा जास्त उपयोगी पडतो.

हा हिशेब करताना बॉक्सवर छापलेल्या गाइड नंबरवर (फ्लॅशचा उजेड किती लांब पोचतो ते सांगणाऱ्या आकड्यावर) जाऊ नका. स्पीडलाइटचा ६० हा आकडा बहुतेकदा २०० मिमी झूमचा असतो, म्हणजे सगळा उजेड एका चिंचोळ्या झोतात. सॉफ्टबॉक्सच्या कापडामागे तो आकडा निरुपयोगी.

पैसे खर्च करण्याआधी अंतर तपासा. तीन मीटरवरचा लाइट दीड मीटरवर आणला की दोन स्टॉप फुकट मिळतात. ग्रुप फोटोत किंवा पूर्ण घागरा दाखवायचा असताना तो इतका जवळ आणता येत नाही, आणि मोठ्या फ्लॅशची खरी गरज तिथेच पडते.

हाय स्पीड सिंक, म्हणजे सिंक स्पीडपेक्षा वेगवान शटरला फ्लॅश चालवण्याची सोय, वापरली की उन्हावर मात करता येते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. सिंक स्पीडच्या वर शटरची फट सेन्सरवरून सरकत जाते, म्हणून फ्लॅशला एका झटक्याऐवजी सलग लुकलुकत राहावं लागतं आणि त्यात दोनेक स्टॉप सहज जातात. एफ/२.८ ला मागचं धूसर करायला ते चालतं. उन्हावर मात करायला मात्र ते उलट पडतं. तिथे शटर १/२०० वरच ठेवून तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच) लावला तर एफ/११ चं एफ/४ होतं आणि फ्लॅशची पूर्ण ताकद वापरता येते. फिल्टर स्वस्त असेल तर रंग बिघडतो, हे लक्षात ठेवा.

थोडी जास्तीची ताकद घेण्याचं आणखी एक कारण आहे. २०० चा फ्लॅश फुल पॉवरला दोनेक सेकंदांनी पुन्हा तयार होतो. त्याआधी क्लिक केलं की फ्रेम अंधारी येते, आणि गिरकी घेणाऱ्या नवरीची नेमकी तीच फ्रेम चांगली असते. ६०० चा फ्लॅश तेवढाच उजेड तिसऱ्या हिश्श्याच्या पॉवरला देतो, लगेच भरतो, तापतही कमी. ‘रेडी’चा बीप चालू ठेवा.

स्टँडवर कंजुषी नको. अलिबागच्या किनाऱ्यावर ९० सेंमीचा ऑक्टा (अष्टकोनी सॉफ्टबॉक्स) शिडासारखा वारा धरतो. सँडबॅग असूनही एक माणूस स्टँडला हात लावून उभा हवा. विमानप्रवासात जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या. १०० वॅट-अवरपर्यंतच्या सहसा विनापरवानगी नेता येतात, त्यापुढे विमान कंपनीला विचारावं लागतं. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की आकडा मिळतो: २८.८ गुणिले २.६, म्हणजे सुमारे ७५.

स्टुडिओत प्रश्न उलटा होतो. दहा बाय बाराच्या खोलीत उजेड कमी पडत नाही, तो कमी करता येत नाही. काही स्वस्त वायरवाले फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ च्या खाली उतरत नाहीत; ४०० चा असेल तर किमान २५ वॅट-सेकंद, आणि एफ/२ ला पोर्ट्रेट काढायचं तर एवढाही जास्त. बॅटरीवाले १/१२८ किंवा १/२५६ पर्यंत जातात, त्यामुळे दोन्हीकडे एकच संच चालतो. माउंट (सॉफ्टबॉक्स अडकवायची खोबण) बोवेन्स या प्रचलित पद्धतीचं आहे की नाही आणि ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारं यंत्र) तुमच्याच कॅमेरा ब्रँडचा आहे की नाही, हे बिल करण्याआधी बघा. सोनीचा ट्रिगर निकॉनवर पूर्ण क्षमतेने चालत नाही. लग्नाचा सीझन संपल्यावर बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर ठेवा आणि दोनेक महिन्यांनी तपासा, कारण पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी तशीच पडून राहिली तर पुन्हा चार्जच घेत नाही.