बिनकान्याची मुंगी आणि मुलांना लिहितं करायचे आणखी काही उद्योग

“काकू, काही सुचूनच नाही राहिलं ना!”

नागपुरात मानेवाड्याकडे आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना घेऊन रविवारी लिहायला बसायचं ठरवलं, तेव्हा पहिले दोन रविवार मी हे एकच वाक्य ऐकलं. चूक माझीच होती. मी विषय दिला होता, ‘माझी उन्हाळ्याची सुट्टी’. सात पोरांनी सातदा एकच मजकूर लिहिला: मामाचं गाव, आंबे, खूप मजा आली. त्यातल्या एकीचा मामा आमच्याच गल्लीत राहतो.

विषय मोठा आणि ओळखीचा दिला की मूल शाळेत पाठ केलेलं आठवायला लागतं. तोच विषय लहान, जरा विचित्र केला आणि वर एखादी अडचणीची अट घातली, तर पाठ केलेलं कुठेच बसत नाही. मग त्याला स्वतःचं काहीतरी काढावंच लागतं. पुढचे सगळे उद्योग या एकाच युक्तीवर चालतात. साधारण 7 ते 13 वर्षांच्या मुलांसोबत करून पाहा. त्याहून लहान असतील तर त्यांनी सांगायचं आणि आपण लिहून घ्यायचं. लिहून घेताना त्यांची वाक्यं ‘सुधारायची’ नाहीत.

बसायचं कसं

नागपुरात वेळेचा प्रश्न नाही. 2013 च्या मे महिन्यात इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. असल्या दिवसांत दुपारी 12 ते 4 कोणी पोरगं बाहेर सोडत नाही, आणि विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. कूलरसमोर सतरंजी टाकायची. कागद मात्र पाठकोरे आणि अर्धे फाडलेले द्यायचे, शिवाय उडू नयेत म्हणून खाली पुठ्ठा. नवी कोरी वही देऊ नका. पहिलं पान खराब होईल या धास्तीनंच अर्धी मुलं गप्प बसतात.

मोबाइलवर 10 मिनिटांचा गजर लावायचा. वाढवून मागितलीत तर आणखी 5, त्याहून जास्त नाही. आणि आपणही त्यांच्यासोबत लिहायचं. मोठं माणूस वर उभं राहून बघत असलं की खेळाचा लगेच वर्ग होतो.

शुद्धलेखनावर त्या दिवशी एक शब्दही नाही. मुलं ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ लिहितात, मध्येच हिंदी घुसवतात. लिहू द्या. आमच्याकडे एका आईनं मुलाच्या कागदावरचं ‘मले भूक लागून राहिली’ खोडून ‘मला भूक लागली आहे’ केलं. त्या गोष्टीत बोलणारा होता एक भूत. भूताची भूक तिथंच मेली, आणि मुलानं पुढचे दोन रविवार तोंड दाखवलं नाही.

दोन डबे

सुरुवात नेहमी याच खेळानं करा. बिस्किटाचे दोन रिकामे डबे घ्या. प्रत्येक मुलानं 6 चिठ्ठ्या करायच्या. तीन चिठ्ठ्यांवर घरातल्या वस्तू: चिमटा, रिमोट, कुकर, पायपुसणं. त्या पहिल्या डब्यात. उरलेल्या तीनवर घराबाहेरचे प्राणी, माणसं किंवा जागा. त्या दुसऱ्या डब्यात. मग प्रत्येकानं दोन्हींतून एकेक चिठ्ठी उचलायची.

ही कल्पना माझी नव्हे. इटलीतले जान्नी रोदारी (1920–1980) हे आधी शाळामास्तर होते, पुढे मुलांचे लेखक झाले आणि 1970 साली त्यांना बालसाहित्याचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. त्यांचं म्हणणं असं की एकटा शब्द गोष्ट पेटवत नाही, त्याला घासायला दुसरा शब्द लागतो, आणि तो पहिल्यापासून लांबचा लागतो. ‘घोडा’ आणि ‘कुत्रा’ घेतले तर काही होत नाही, दोघंही एकाच गोठ्यातले. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचं होतं. मधली अव्ययं बदलत जायची: कपाटातला कुत्रा, कुत्र्याचं कपाट, कपाट घेऊन निघालेला कुत्रा.

मराठीत हे काम करायला आपल्याकडे आख्खं यंत्र तयार आहे: विभक्तीचा तक्ता. मुलं तो परीक्षेपुरता घोकतात आणि विसरतात. आमच्या एका मुलीला ‘कुकर’ आणि ‘घुबड’ आलं. मी तिला सांगितलं, गोष्ट लिहू नको, नुसते प्रत्यय लावत जा. तिनं लिहिलं:

घुबडाचा कुकर. कुकरातलं घुबड. घुबडानं आणलेला कुकर. कुकराहून गोल घुबड. अहो कुकर!

पाच ओळी झाल्या, तोवर तिचं ‘सुचून नाही राहिलं’ विसरलं होतं. यातली सगळ्यात मजेशीर ओळ निवडायची आणि त्यावर 10 मिनिटं लिहायचं. तिनं ‘कुकरातलं घुबड’ घेतलं. त्या घरात कुकरची शिट्टी होत नाही, घुत्कार होतो. तीन घुत्कारांत वरण होतं. पण घुबड दिवसा झोपतं, म्हणून त्या घरातली माणसं रात्री 2 वाजता जेवतात आणि शेजारी त्यांना चोर समजतात. तिसरीतली मुलगी, दीड पान.

चिठ्ठ्या फार जवळच्या निघाल्या तर बदलून घ्या. ‘कावळा’ आणि ‘कूलर’ आमच्याकडे एकदा निघाले. ऐकायला छान, पण मे महिन्यात नागपुरातला प्रत्येक कावळा कूलरवर पाणी प्यायला बसलेला असतो. मुलानं जे रोज दिसतं तेच लिहिलं.

गावात फिरून विषय आणायचे

डबे चार-पाच आठवडे पुरतात. नंतर गावाकडे वळा. जवळची, बघितलेली जागा घ्यायची आणि तिच्यात एकच गोष्ट वाकडी करायची.

अजब बंगला घ्या. इथलं मध्यवर्ती संग्रहालय 1863 सालचं आहे. नागपूरकर त्याला अजब बंगलाच म्हणतात, आणि हे नाव मुलांना विषय म्हणून अर्धं काम करून देतं. तिथल्या वस्तूंखाली पाट्या असतात: वस्तूचं नाव, काळ, उपयोग. आता साल 2163 समजायचं, बंगल्याला 300 वर्षं झालेली. आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू काचेच्या पेटीत ठेवली आहे आणि पाटी लिहिणाऱ्याला ती कशाची ते कळत नाही. त्यानं विद्वानासारखा अंदाज करायचा. एकच अट: ‘कदाचित’ आणि ‘असावे’ हे दोन्ही शब्द पाटीत आले पाहिजेत. विळीवर एका मुलानं लिहिलं, “हे कदाचित राजाचे आसन असावे. राजा दुष्ट असल्यास प्रजा त्यास यावर बसवीत असावी.” सातवीतल्या मुलांसाठी हा माझा सगळ्यात आवडता खेळ, कारण त्यांना मोठ्यांच्या गंभीर भाषेची नक्कल करायला आवडते आणि ती त्यांना आपल्यापेक्षा बरी जमते.

झिरो माईल या नागपुरातल्या स्मारकात वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे आहेत, हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. एका रात्री चौघं चार दिशांना पळतात. प्रत्येकानं खांबाला एक पोस्टकार्ड पाठवायचं, फक्त 5 ओळींचं. चार मुलं असली तर चार घोडे वाटून द्या. खांबानं उत्तर लिहायचं काम आपण करायचं. आमचा दक्षिणेला गेलेला घोडा हैदराबादेत बिर्याणीच्या दुकानात नोकरीला लागला.

मेट्रोतल्या सूचना मुलांना तोंडपाठ असतात. घरात मेट्रो सुरू झाली आहे असं समजायचं आणि स्टेशनांच्या सूचना लिहायच्या. “पुढील स्टेशन आजीची खोली. उतरताना विड्याचा डबा आणि चष्मा यांतील अंतराकडे लक्ष द्या.” हा 5 मिनिटांचा खेळ, कंटाळलेल्या दिवशी बरा.

तान्हा पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या पोळ्याच्या, आसपास आमच्याकडे मारबतीचा विषय निघतोच. मुलं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात, बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करतात, आणि त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत या दोन पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात. सोबत बडगे नावाचे पुतळेही असतात. त्यांच्यावर दरवर्षी लोकांच्या रागाचे ताजे विषय लटकतात, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत. “घेऊन जा गे मारबत!” अशी आरोळी ठोकत सगळी ईडापीडा गावाबाहेर नेतात आणि जाळतात.

मुलांना सांगायचं, तुझा स्वतःचा बडग्या लिही. इथं अट महत्त्वाची आहे, नाहीतर सगळे ‘प्रदूषण’ आणि ‘भ्रष्टाचार’ लिहून मोकळे होतात, कारण तेही निबंधातलंच. अट अशी: ज्याला हात लावता येतो, ज्याचा वास येतो किंवा जे कानानं ऐकू येतं, तेच लिहायचं. मग खरी पीडा बाहेर येते. गळणारी पाण्याची बाटली. व्हॅनमधल्या दादाचं तेच एक गाणं. कारल्याची भाजी. एकानं लिहिलं, “आई फोनवर ‘एक मिनिट’ म्हणते ते मिनिट घेऊन जा गे मारबत.” त्याची आई शेजारी बसली होती. पुढच्या फेरीत मारबतीच्या बाजूनं लिहायला लावा: दरवर्षी एवढं सगळं पोत्यात भरून नेते, तर ते ठेवते कुठं? रात्री पोतं उघडून बघते का? त्यातलं एखादं तिला आवडतं का? मोठी मुलं इथं फार लांबवर जातात. त्या दिवशी गजर बंद ठेवा.

बिनकान्याची गोष्ट

हा खेळ मोठ्यांनाही घाम फोडतो. एकच नियम: आख्ख्या गोष्टीत काना नको. म्हणजे ‘आ’ नको, ‘ओ’ आणि ‘औ’ही नकोत, कारण त्यांच्यातही काना उभा आहे. मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार चालतील.

पहिली 5 मिनिटं मुलं नुसती हसतात आणि खोडतात. राजा गेला, राणीही गेली. आई, बाबा, आजोबा, मामा सगळे गेले. घर राहतं. मग त्यांच्या लक्षात येतं की ‘तो आला’ म्हणता येत नाही, ‘तो जातो’ही नाही. पुरुष पात्राला भूतकाळात जागाच उरली नाही असं वाटायला लागतं. ‘मुंगी चिडली’ मात्र चालतं. मग कोणीतरी वाट काढतं: ‘छगन रुसले’! आदरार्थी केलं की छगन परत गोष्टीत येतो. आणखी थोडं झगडल्यावर कोणीतरी भविष्यकाळ शोधून काढतं, आणि तिथून पुढे गाडी सुटते. आमच्या पाचवीतल्या एकानं हे लिहिलं:

मी एक मुंगी. मी भिंतीवरून सरळ खिडकीत शिरीन. तिथे मुंगूस असेल. मुंगूस उठून म्हणेल, “तू फुकट फिरतेस.” मी चिडीन. मुंगूस हसेल. सगळे चूप.

व्याकरणाच्या तासाला लिंग, काळ आणि आदरार्थी बहुवचन शिकवायला किती आठवडे जातात, हे शिक्षकांना विचारा. इथं मुलं ते अर्ध्या तासात स्वतः धुंडाळतात, तेही मुंगूस हसवण्यासाठी. दुसरीच्या आतल्या मुलांना मात्र हा खेळ देऊ नका. ती नुकती काना शिकलेली असतात आणि तो काढून घेतला की रडायला येतात.

अडलं तर

मूल पेन्सिल चावत बसलं असेल तर ‘विचार कर’ म्हणू नका. छोटा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर एका शब्दात येईल. घुबडाच्या पायात काय होतं? खिडकी कोणत्या बाजूला होती? तेव्हा कशाचा वास येत होता? उत्तर आलं की म्हणायचं, ते लिही. तरीही गाडी हलली नाही तर शेजारच्या मुलाशी कागद बदलून त्याची गोष्ट पुढे लिहायला द्या. आणि ज्याला त्या दिवशी लिहायचंच नाही त्याला चित्र काढू द्या, किंवा चिठ्ठ्या कापायला बसवा. आमच्याकडे एक मुलगा दोन महिने फक्त चिठ्ठ्याच कापत होता. ‘पायपुसणं’ त्यानंच डब्यात टाकलं.

वाचून दाखवताना

लिहून झालं की ज्याला वाचायचं त्यानंच वाचायचं. ऐकणाऱ्यांनी ‘छान’ म्हणायचं नाही, हा आमचा नियम. ‘छान’ सगळ्यांनाच म्हणतात, त्यातून मुलाला काही कळत नाही. प्रत्येकानं लक्षात राहिलेला एक शब्द किंवा एक ओळ परत म्हणून दाखवायची. दहा जणांपैकी सहा जणांनी ‘तीन घुत्कारांत वरण’ म्हटलं, की लिहिणारीला कळतं तिच्या गोष्टीत काय चाललं. दुसरं, एक प्रश्न विचारायचा, खराखुरा, ज्याचं उत्तर आपल्याला हवं आहे: “मग शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले का?” पुष्कळदा त्या प्रश्नाच्या उत्तरातच पुढच्या रविवारची गोष्ट असते.

कागद फेकू नका, पण फाइल करून पाहुण्यांसमोरही ठेवू नका. आम्ही ते सगळे एका तिसऱ्या डब्यात टाकतो. पावसाळ्यात वीज गेली की मेणबत्ती लावून त्यातला कोणताही एक काढायचा आणि ज्याचा असेल त्यानंच तो वाचायचा. मागच्या जुलैत माझा निघाला. खांबानं हैदराबादच्या घोड्याला लिहिलेलं उत्तर होतं, आणि एका मुलीनं मला विचारलं, “काकू, खांबाले हात नाही तर त्यानं लिहिलं कसं?” अजून उत्तर द्यायचं राहिलं आहे.