उटीची बाग बघताना झाडाला त्याचं गाव विचारा

आपण ज्याला निलगिरीचं झाड म्हणतो ते मुळात निलगिरीचं नाहीच, ते ऑस्ट्रेलियाचं. 1843 च्या सुमारास ते या डोंगरांत आणलं, रुजलं, फोफावलं आणि मराठीत त्याला डोंगराचंच नाव चिकटलं. उटीच्या सरकारी वनस्पती उद्यानात जाताना एवढं मनात ठेवा. मोठं झाड दिसलं की थांबायचं आणि विचारायचं, ‘बाबा रे, तुझं गाव कोणतं?’ मी साताऱ्यात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुलांना घेऊन तीनदा इथे आले, आणि ही बाग बघायची याहून चांगली किल्ली मला सापडलेली नाही.

मे महिना टाळा. तेव्हा पुष्पप्रदर्शन असतं, फुलं बघण्यासारखी असतात हे खरं, पण गर्दीत झाडापाशी दोन मिनिटं उभं राहता येत नाही. मी फेब्रुवारी निवडते. हवा कोरडी असते आणि दोड्डबेट्टाच्या, म्हणजे निलगिरीतल्या सर्वांत उंच शिखराच्या, अंगावर ऱ्होडोडेंड्रॉन लाल फुललेला असतो. हिमालयातल्या बुरांशचा हा दक्षिणेतला सख्खा भाऊ. आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रीत तो कुठेच नाही. थंडीत पहाटे गवतावर दहिवर गोठतं, तेव्हा कानटोपी हवीच.

जमलं तर मेट्टुपाळयमहून डोंगरी रेल्वेनेच वर या. तिकीट खूप आधी काढावं लागतं. कल्लारला सुपारीच्या बागा, कुन्नूरला चहाचे मळे, पुढे निलगिरीच्या झाडांच्या रांगा. 46 किलोमीटरमध्ये उंचीबरोबर झाडं कशी बदलतात ते खिडकीतूनच कळतं. स्वतःची गाडी आणणार असाल तर ई-पास काढा. प्लॅस्टिकच्या पाणीबाटल्यांना या जिल्ह्यात बंदी आहे, म्हणून घरूनच स्टीलची बाटली घ्या. आणि दहापट मोठं दाखवणारं एक भिंग. ते विसरू नका.

फाटक उघडताच आत शिरा आणि हिरवळ शेवटी ठेवा. हे मी पोळून शिकले. पहिल्या सहलीत चाळीस मुलं हिरवळीवरच रमली, तिथेच डबे उघडले गेले, आणि नेच्यांचं (फर्नचं) काचघर बघायचं राहूनच गेलं. परतीच्या गाडीत एका मुलीने विचारलं, “मॅडम, नेचे कुठे होते?” ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून आता आधी नेचे. पान तोडायचं नाही, आपणच वाकायचं आणि खालून वर बघायचं. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके रांगेने बसलेले असतात. भिंग लावलं की एकेक ठिपका म्हणजे बारीक डब्यांचा पुंजका दिसतो. प्रत्येक डबीच्या पाठीवर कण्यासारखं एक कडं असतं. ते वाळलं की ताणलं जातं, डबी फाटते आणि बीजाणू उडतात. फूल नाही, बी नाही, तरी वंश चाललेला.

मग चढ धरा. बाग 22 हेक्टरची आहे आणि दोड्डबेट्टाच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते. मुळात उटीतल्या गोऱ्या साहेबांना भाजी मिळावी म्हणून इथे मळा केला होता. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात तयार झालेला विल्यम ग्रॅहॅम मॅकआयव्हर 1848 मध्ये आला आणि त्याने बाग आखली. निलगिरीतल्या सिंकोनाच्या लागवडीची धुरा पुढे त्याच्याचकडे होती. हिवतापावरचं क्विनाईन त्याच झाडाच्या सालीतून मिळतं. अरोकेरिया या उंच सूचिपर्णी झाडाचं गाव विचाराल तर उत्तर दक्षिण गोलार्धातून येईल. वाटेत दगड झालेलं एक खोड आहे, सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वीचं. लोक त्याला टेकून फोटो काढतात. तुम्ही टेकू नका, फक्त बघा.

निलगिरीचं कोवळं रोप दिसलं तर त्याचीही पानं न्याहाळा. ती गोलसर, जोडीजोडीने खोडाला बिलगलेली, पांढुरक्या मेणाने माखलेली असतात. त्याच झाडाची मोठेपणीची पानं विळ्यासारखी लांब आणि लोंबती. माझ्या वर्गात दोन्ही पानं शेजारी ठेवली की मुलं हटकून दोन झाडं सांगायची.

बागेच्या वरच्या अंगाला तोडा या इथल्या आदिवासी लोकांचा पाडा आहे. अर्ध्या पिंपासारखं गवताचं छप्पर आणि रांगत शिरावं लागेल एवढंसं दार. लोक तिथे राहतात, तेव्हा विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि देवळाच्या फार जवळ जाऊ नका. कोणी पांढऱ्या कापडावर लाल-काळं भरतकाम विकायला बसलं असेल तर घासाघीस न करता घ्या. तिथूनच डोंगराच्या घळींकडे बघा. कुठे बुटक्या, दाट, शेवाळलेल्या झाडांचे पुंजके दिसले तर ती शोला, म्हणजे या डोंगरांचं मूळचं जंगल, आपल्या देवराईसारखं गच्च. बागेत सकाळभर झाडांना गाव विचारून झालेलं असतं. इथे विचारावं लागत नाही.