एमसीबी खरंच ‘वीक’ होते का? नव्या वायरमन पोरांसाठी

आयटीआय करून रत्नागिरीत एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो, तेव्हा माझ्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं: एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप ‘पडून’ सप्लाय तोडणारा स्विच, बदला. एका घरी गीझर लावला की 20 मिनिटांत एमसीबी पडायची. गीझर 2000 वॅटचा, म्हणजे जेमतेम पावणेनऊ अँपिअर. एमसीबी 16 ची. ‘वीक झालीय’ म्हणालो, नवी बसवली, पैसे घेतले. पंधरा दिवसांत परत फोन.

मिस्त्री स्वतः आले. गीझर चालू ठेवून त्यांनी डीबीतल्या (एमसीबी बसवतात त्या पेटीतल्या) एकेका एमसीबीला बोटांची मागची बाजू टेकवली. गीझरची चांगलीच तापली होती. मेन पाडून, टेस्टर लावून वायर बाहेर काढली, तर तांबं काळं ठिक्कर आणि वरचं पीव्हीसी कडक झालेलं. तेच जळकं टोक मी नव्या एमसीबीत कोंबलं होतं! त्यांनी चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, टोकाला पिन थिंबल (दाबून बसवायची धातूची पिन) मारलं, स्क्रू आवळला. तक्रार संपली.

ओव्हरलोडला एमसीबी पडते ती आतली बायमेटलची पट्टी तापून वाकल्यामुळे. ही उष्णता जास्त करंटची की ढिल्या स्क्रूची, हे त्या पट्टीला कळत नाही. तिचं गणित 30 अंशांवर बसवलेलं असतं, म्हणून पत्र्याखालच्या डीबीत मे महिन्यात ती लवकर पडते. अशा वेळी गिऱ्हाईक म्हणतं, ‘32 ची टाक.’ मागे अडीच एमएमची वायर असेल तर अजिबात टाकू नका. एमसीबी टिकेल, वायर जळेल.

खरी झिजलेली एमसीबी मी नंतर एका दुकानात पाहिली. दिव्यांचा अख्खा बोर्ड ते रोज तिच्यावरच चालू-बंद करत. रिव्हेट ड्रिल करून उघडली, तर काँटॅक्टवर देवीच्या वणांसारखे खड्डे आणि आर्कच्या (ठिणगी विझवणाऱ्या) पत्र्यांवर काजळी. लोड तोडताना दर वेळी ठिणगी पडते आणि चांदीचा थोडा थोडा थर खाते. मानकातली चाचणी पूर्ण करंटवर 4000 वेळा चालू-बंद करण्याची आहे; रोज पाच वेळा धरलं तर सव्वादोन वर्षं झाली. मोठा शॉर्ट तर एका फटक्यात बरंच आयुष्य खातो, त्यामुळे तसा शॉर्ट तोडलेली एमसीबी मी ठेवत नाही.

याच्या उलट, वर्षानुवर्षं न हललेलं यंत्र आतून जाम होऊ शकतं, त्यात आमची खारी हवा. पडणाऱ्या एमसीबीची तक्रार येते. न पडणारीची कुणी करत नाही. म्हणून कुठल्याही कामाला गेलात तरी 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की एमसीबीसारख्याच पडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून बघा. सप्लाय असूनही पडली नाही, तर त्याच दिवशी बदला. दाबण्याआधी मात्र घरात कुणी कॉम्प्युटरवर बसलंय का ते विचारा. मी एकदा विचारलं नव्हतं.