अपग्रेडनंतर पायथन गायब? आधी निदान, मग इन्स्टॉल

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत ‘कॉम्प्युटर बघायला’ म्हणून पहिली नोकरी लागली, की बीसीए-डिप्लोमावाल्याच्या वाट्याला बहुतेक एक ठरलेलं मशीन येतं. वजनकाट्याच्या खोलीत धूळ खात पडलेला उबुंटूचा (विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा) पीसी, आणि त्यावर आधीच्या पोरानं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून ठेवलेली शंभरेक ओळींची स्क्रिप्ट. ट्रक काट्यावर चढतो, इंडिकेटरवरचा आकडा सिरियल केबलनं पीसीत येतो, पावती छापून निघते. हे सुरळीत चाललंय तोवर तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग सिस्टिम अपग्रेड होते आणि सकाळी गेटवरून फोन येतो, “सायेब, काटा आकडा दावतोय, पण पावती ईना झालीया.”

पहिलं काम टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडण्याचं नाही. हातानं लिहायचं पावतीपुस्तक काढायला सांगा. ट्रकांची रांग हलती राहिली, की तुम्हाला शांतपणे विचार करायला दोन तास मिळतात. मालकाला पायथनचा इतिहास ऐकायचा नसतो, पावती कधी सुरू होणार एवढंच हवं असतं.

मग स्क्रिप्ट हातानं चालवा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून) चालणारी स्क्रिप्ट मेली तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही, म्हणून हे आवश्यक आहे. मेसेज काय येतो तो शब्दन् शब्द वाचा, कारण ‘पायथन गेलं’ या एका तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी असतात आणि त्यांची औषधंही वेगळी.

‘पायथन: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ असं आलं, तर बऱ्याचदा भाषा जागेवरच असते, फक्त नाव गेलेलं असतं. उबुंटू २०.०४ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये नुसतं ‘पायथन’ नावाची कमांड मिळत नाही, ‘पायथन३’ मिळते. यूएसआर-बिन या कमांडांच्या फोल्डरमध्ये पायथननं सुरू होणाऱ्या फाइलींची यादी काढा, चित्र लगेच स्पष्ट होतं. स्क्रिप्ट पायथन ३ साठीच लिहिलेली असेल तर ती कशानं चालवायची हे सांगणारी तिची पहिली ओळ बदलून ‘पायथन३’ करा. अशा स्क्रिप्ट ढीगभर असतील तर ‘पायथन-इज-पायथन३’ हे पॅकेज टाका, ते जुनं नाव नव्या भाषेकडे वळवतं. फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह केली असेल, तर ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जादा अक्षर राहतं आणि तेव्हाही मेसेज असाच काहीसा येतो. तेवढं तपासून पुढे जा.

दुसरं दुखणं खरंखुरं: स्क्रिप्ट पायथन २ ची आहे आणि ते यंत्रावर उरलेलंच नाही. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, शेवटची आवृत्ती २.७.१८ त्याच वर्षी एप्रिलमध्ये आली. उबुंटू २२.०४ च्या पॅकेजेसच्या भांडारात ते अजून मिळतं, २४.०४ मध्ये नाही. अपग्रेडच्या शेवटी ‘कालबाह्य पॅकेजेस काढू का?’ असा प्रश्न येतो. घाईत ‘हो’ दाबलं, की भांडारात नसलेलं जुनं पायथनही त्या यादीबरोबर जातं. ते खरंच तिथूनच गेलं का, हे ॲप्टच्या, म्हणजे उबुंटूत पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या साधनाच्या, हिस्टरी लॉगमध्ये सापडतं.

इंटरनेटवरून २.७ चा सोर्स कोड आणून कंपाइल करता येतो, त्याच पीसीवर जुन्या उबुंटूचा कंटेनर (वेगळा बंदिस्त कप्पा) उभा करून त्याला सिरियल पोर्ट जोडताही येतो. स्क्रिप्ट हजारो ओळींची असेल तर तात्पुरतं तसंच करावं. शंभर ओळींसाठी मात्र मी सरळ पायथन ३ मध्ये आणायला बसेन.

यातलं ‘प्रिंट’ला कंस घालायचं काम किरकोळ आहे. चुकलं तर भाषाच ओरडून सांगते. गप्प बसून घात करणाऱ्या जागा वेगळ्या. बरेच इंडिकेटर वजन स्थिर झालं की ओळीच्या सुरुवातीला ‘एसटी’ ही दोन अक्षरं पाठवतात आणि स्क्रिप्ट त्यांची वाट बघत असते. पायथन ३ मध्ये सिरियल पोर्टवरून तयार अक्षरं नव्हे, कच्चे बाइट्स येतात. बाइट्सची तुलना साध्या स्ट्रिंगशी केली तर उत्तर कायम ‘नाही’. एरर येत नाही, पावतीही येत नाही, स्क्रिप्ट नुसती वाट बघत बसते. आलेली ओळ आधी डीकोड करून, म्हणजे बाइट्सची अक्षरं करून, घ्या.

दुसरी जागा भागाकाराची. ९५ किलोचे ७ नग असतील तर पायथन २ मध्ये पूर्णांकांचा भागाकार १३ येतो, पायथन ३ मध्ये १३.५७. नवं उत्तर बरोबर आहे, पण अकाउंट्सच्या खात्यात आजवर १३ लिहिलं गेलंय. कुठला आकडा ठेवायचा हे तुम्ही परस्पर ठरवू नका, अकाउंटंटना विचारा. जुनाच हवा असेल तर दोन तिरप्या रेघांचा भागाकार वापरा. आपोआप बदल करून देणारं ‘टूटूथ्री’ हे साधन या दोन्ही जागा पकडत नाही.

तिसरं दुखणं लायब्ररीचं, म्हणजे स्क्रिप्ट वापरते त्या तयार कोडचं. ‘सिरियल नावाचं मॉड्यूल नाही’ असा मेसेज येतो. २२.०४ मध्ये पायथन ३.१० होतं, २४.०४ मध्ये ३.१२ आहे. पिपनं (पायथनच्या लायब्ररी उतरवणाऱ्या साधनानं) टाकलेल्या लायब्ररी आवृत्तीनुसार वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यामुळे जुन्या कप्प्यातलं नव्याला दिसत नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (स्क्रिप्टपुरता लायब्ररींचा वेगळा संच) असेल तर ते दुरुस्त करत बसू नका, काढून नवं बनवा. आता पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला गेलं तर अडवतं. ते अडवणं योग्यच आहे, जबरदस्तीचा पर्याय वापरू नका. ॲप्टमधून ‘पायथन३-सिरियल’ टाका. पिपनंच घ्यायचं असेल तर पॅकेजचं नाव ‘पायसिरियल’, कारण नुसत्या ‘सिरियल’ नावाचं भलतंच पॅकेज तिथे आहे आणि नवी मुलं हमखास तेच उतरवतात.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही सांगितली तरी करायची नाही. सिस्टिमचं ‘पायथन३’ काढून टाकणं, किंवा ते नाव दुसऱ्या आवृत्तीकडे वळवणं. उबुंटूची स्वतःची कितीतरी कामं त्यावर चालतात. ते हललं की ॲप्टची साधनं ‘ॲप्ट_पीकेजी नाही’ म्हणून अडतात आणि डेस्कटॉपवरचं टर्मिनलसुद्धा उघडत नाही. आधीच कुणी ते नाव दुसरीकडे वळवून ठेवलं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करा आणि ते नाव मूळ आवृत्तीकडे परत वळवा.

पावती सुरू झाली की लगेच घरी पळू नका. रिकामा ट्रक, भरलेला ट्रक आणि काट्यावर काहीच नाही, अशा तिन्ही पावत्या काढून पावतीपुस्तकातल्या आकड्यांशी ताडून बघा. मशीन एकदा रीस्टार्ट करून स्क्रिप्ट आपोआप उठते का तेही बघा, कारण सकाळच्या पाळीला पीसी चालू करणारा माणूस तुम्ही नसता.