प्रभावी पक्षसंख्या दोनदा मोजा

निवडणूक पद्धतीवर प्रकल्प करणारे विद्यार्थी पुष्कळदा निवडणुकीत उतरलेल्या पक्षांची नुसती मोजदाद करतात; त्याऐवजी राज्यशास्त्रज्ञ लाक्सो आणि तागेपेरा यांनी १९७९ साली मांडलेली प्रभावी पक्षसंख्या, म्हणजे प्रत्येक पक्षाला त्याच्या आकाराइतकेच वजन देऊन काढलेली पक्षांची संख्या, काढावी. प्रत्येक पक्षाच्या वाट्याचा दशांशात वर्ग करून त्यांची बेरीज करायची आणि १ ला त्या बेरजेने भागायचे, एवढेच गणित आहे.

मात्र ही संख्या एकदा मतांच्या आणि एकदा जागांच्या वाट्यावरून काढावी, कारण खरा शोध या दोहोंतील अंतरातच असतो. न्यूझीलंडच्या १९७८ च्या निवडणुकीत लेबर पक्षाला सुमारे ४०.४ टक्के, नॅशनल पक्षाला ३९.८ टक्के आणि सोशल क्रेडिटला १६.१ टक्के मते मिळाली. पण ९२ पैकी जागा मिळाल्या अनुक्रमे ४०, ५१ आणि १. मतांवरून ही संख्या सुमारे २.९ येते, जागांवरून जेमतेम २. मतदारांनी तीन पक्षांना दिलेला कौल सभागृहात दोन पक्षांपुरताच उरला, ही बाब कोणत्याही एका आकड्यातून दिसली नसती. अधिक मते मिळवलेला पक्ष विरोधात बसला, हे मात्र मूळ वाट्यांतूनच दिसते.

‘इतर’ या रकान्याला एक पक्ष समजू नये. त्यातील पक्ष शक्यतो सुटे करून घ्यावेत.