सोलापुरात जेंबेचा वर्ग चालवायचा तर

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या पश्चिम आफ्रिकी कलावंतांना बोलावून सोलापुरात वादन-नृत्याचा वर्ग सुरू करायचा असेल, तर आधी कोणत्या प्रदेशाची आणि कोणत्या लोकांची कला शिकायची, हे निश्चित करावे. जेंबे हा हाताने वाजवायचा, पेल्याच्या आकाराचा ढोल असून ते मुख्यतः माली आणि गिनी या देशांतील मांडे भाषा बोलणाऱ्या समाजांचे वाद्य आहे. नायजेरियातील योरुबांचा बोलका ढोल किंवा घानातील एवे लोकांचे वादन या वेगळ्या परंपरा आहेत. कार्यक्रमाला रंगत यावी म्हणून गुजरातेतील सिद्दींचे ‘धमाल’ हे नृत्यही त्यात घालण्याचा मोह होतो, पण सिद्दींचे पूर्वज प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतून आले होते, त्यामुळे तो आवरावा.

काय शिकवावे, याचा अंतिम निर्णय गुरूंचा असावा. जेंबे कोणालाही शिकता येते. मात्र कोरा हे तंतुवाद्य, बालाफोन हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य आणि वंशगाथांचे गायन हे जेली म्हणजे भाट-गायकांच्या घराण्यांकडे पिढीजात चालत आलेले काम आहे. गिनीतील न्यागासोला येथे जपलेल्या सोसो-बाला या बालाफोनची राखण कुयाते घराणे करते आणि युनेस्कोने 2001 साली त्या परंपरेचा गौरव केला. असा वारसा दोन शनिवारांच्या वर्गात मागणे अनुचित आहे.

शिकवणीत बहुतेकांना थेट जेंबेवर हात मारायचा असतो. तसे करू देऊ नये. केन्केनी, सांगबान आणि दुनुनबा हे तीन ढोल आधी शिकवावेत, कारण तालाची ओळख त्यांच्यावरच ठरते. एका हाताने काठीने ढोल आणि दुसऱ्याने त्याची घंटा वाजवणे जमू लागले की जेंबेचे बोल आपोआप जागेवर बसतात. प्रमुख वादक इशाऱ्याचा तुकडा वाजवतो तेव्हा सर्वांनी एकदम थांबायचे किंवा बदलायचे असते. म्हणून वही मिटवून कानाने शिकावे. नाच आणि ताल एकत्रच शिकावेत, कारण नाचणाऱ्याची पावले पाहूनच वादक वाजवतो. प्रत्येक तालाचा प्रसंगही सांगावा: कासा शेतातील सुगीचा, सोली दीक्षाविधीचा, तर दुनुनबा (ढोलाच्याच नावाचा ताल) बलवान पुरुषांच्या नाचाचा.

सोलापूरच्या हवेत वाद्य सांभाळणे हे वेगळेच काम आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि बंद मोटारीत ठेवलेल्या जेंबेचे शेळीचे कातडे कोरडे होऊन आवाज करीत फाटते. त्यामुळे वाद्य कापडात गुंडाळून घरातील थंड खोलीत ठेवावे. पावसाळ्यात उलट कातडे ढिले पडते. तेव्हा उभ्या दोऱ्यांमधून आडवी दोरी ओवून एकेक गाठ ओढत न्यावी आणि दर गाठीनंतर थाप देऊन आवाज तपासावा. हलगीवाले हलगी आगीवर शेकतात, ते पाहून जेंबेही जाळावर धरू नये.

ध्वनिमुद्रणाला परवानगी आधी घ्यावी आणि ते पुढे कोणाला दाखवायचे, हे लेखी ठरवावे. समूहवादन टिपून झाले की प्रत्येक ढोलाचा भाग स्वतंत्रपणे, हात दिसतील असा टिपावा. सोबत तालाचे नाव, गाव, प्रसंग आणि गुरूंनी तो कोणाकडून घेतला, हे बोलून घ्यावे. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि एक गुरूंना द्यावी.

परमुलखात कला वर्गांपेक्षा ठरलेल्या दिवसामुळे अधिक टिकते. पूर्व भागातील तेलुगू पद्मशाली समाजाचा नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव पाहिलेल्या सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. गिनी 2 ऑक्टोबर 1958 रोजी स्वतंत्र झाला आणि आपल्याकडे त्या तारखेला गांधी जयंतीची सुट्टी असते, तेव्हा वार्षिक सादरीकरण त्याच दिवशी ठेवणे सोयीचे. सप्टेंबरचा पाऊस नुकताच सरत असल्याने कातडी आदल्या दिवशीच ताणून ठेवावीत.

रंगमंचावरील मांडणी हीदेखील जुनी परंपरा आहे, हे प्रेक्षकांना सांगावे. गिनीचे फोदेबा केईता यांनी 1952 साली स्थापन केलेल्या ले बाले आफ्रिकाँ या नृत्यसंस्थेने गावातील वर्तुळाचे नाच सभागृहासाठी बसवले. तरीही शेवटचा ताल मंचाखाली घ्यावा, त्यासाठी पुढच्या खुर्च्या आधीच हलवाव्यात आणि प्रेक्षकांनी वर्तुळात केव्हा यायचे, हे गुरूंनाच सांगू द्यावे.