कायरल मॅग्नेटिक इफेक्ट संगणकावर: आधी सिग्नल शून्य ठेवा

एमएस्सीच्या प्रकल्पाला आलेली मुलं थेट एव्हीएफडीसारखा (अशा टकरींचं द्रवगतिकी सिम्युलेशन करणारा) मोठा कोड मागतात. मी आधी त्यांना पायथनमध्ये छोटं मॉडेल लिहायला लावते, कारण या विषयात खोटा सिग्नल ओळखणं हेच मुख्य काम आहे.

दोन जड अणुकेंद्रकं कडेनं आदळली की क्षणभर एकावर चौदा शून्यं इतक्या टेस्लाच्या पातळीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. क्वांटम अॅनोमलीमुळे डाव्या-उजव्या (फिरकीच्या दिशेनुसार) क्वार्कांची संख्या असमान झाली, तर क्षेत्राच्या रेषेत प्रवाह वाहतो. हाच कायरल मॅग्नेटिक इफेक्ट. धन कण रिअॅक्शन प्लेनच्या (टकरीच्या प्रतलाच्या) एका बाजूला जास्त, ऋण दुसऱ्या.

प्रत्येक इव्हेंटमध्ये, म्हणजे एका टकरीत, १०० धन आणि १०० ऋण कण घ्या. प्लेनचा कोन शून्य धरा. प्रत्येक कणाचा कोन फाय पुढच्या वितरणातून काढा: १ + २ × ०.०५ × कॉस(२फाय) ± २ × ०.०१ × साइन(फाय). यातला ०.०५ म्हणजे व्ही२ (कणांचा लंबवर्तुळाकार प्रवाह), ०.०१ म्हणजे ए१ (आपला सिग्नल). ± चिन्ह दर इव्हेंटला नव्यानं, यादृच्छिक. ऋण कणांना नेहमी उलटं.

मोजायचा तो व्होलोशिन यांनी २००४ मध्ये सुचवलेला गॅमा: जोडीतल्या दोन कोनांच्या बेरजेचा कॉस. विरुद्ध प्रभाराच्या जोड्यांच्या सरासरीतून सम प्रभाराची वजा करा. उत्तर ए१ वर्गाच्या दुप्पट, ०.०००२ यायला हवं. दहा लाख इव्हेंट घेतले तर त्रुटी ०.००००१ च्या आसपास राहते.

जोड्यांवर दुहेरी लूप लावू नका, क्यू-व्हेक्टर (सगळ्या कणांच्या कॉस-साइनची बेरीज) वापरा. पण सम प्रभारात कणाची स्वतःशीच झालेली जोडी वजा कराच. ती राहिली तर व्ही२ भागिले १००, म्हणजे ०.०००५ घुसतं आणि उत्तर ऋण येतं!

आता ए१ शून्य करा. काही पायॉन ऱ्हो कणांच्या (दोन पायॉनमध्ये फुटणाऱ्या अल्पायुषी कणांच्या) विघटनातून आणा. ऱ्होंना व्ही२ द्या, त्यांच्या स्थिर चौकटीत विघटन करून लोरेंट्झ बूस्ट लावा. अॅनोमली अजिबात नसताना फरक धन येईल; हीच पार्श्वभूमी. मुलांनी हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, असा माझा आग्रह असतो.

सिग्नल आणि पार्श्वभूमी वेगळी करण्यासाठीच अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २०१८ मध्ये रुथेनियम आणि झिर्कोनियमच्या टकरी घेतल्या. दोन्हींत न्यूक्लिऑन ९६, म्हणून पार्श्वभूमी जवळपास सारखी अपेक्षित; प्रोटॉन ४४ आणि ४०, म्हणून क्षेत्र वेगळं. क्षेत्राच्या वर्गाचं ढोबळ गुणोत्तर १.२१. मॉडेलमध्ये झिर्कोनियमच्या एकूण फरकात सिग्नल १० टक्के धरा: रुथेनियमचा फरक जेमतेम २ टक्के जास्त येतो. आता रुथेनियममध्ये कणसंख्या किंचित वाढवून पाहा, पार्श्वभूमी कणसंख्येच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि ते २ टक्के खाऊन टाकते. ब्रुकहेवनच्या स्टार प्रयोगाच्या २०२१ च्या निकालात अपेक्षित वाढ दिसली नाही, त्यात कणसंख्येतल्या या फरकाचा मोठा वाटा होता.

एवढं जमलं की एव्हीएफडी उघडा. तिथेही पहिली फेरी अक्षीय प्रभार (डाव्या-उजव्या क्वार्कांमधला फरक) शून्य ठेवूनच चालवा.